ग्रंथालयाचा लॅपटॉप आणि पाठीवरचं बिऱ्हाड

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: टी.वाय. बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सला आहात, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहता. कॉलेजचं ग्रंथालय १५ दिवसांसाठी लॅपटॉप घरी देतं आणि एकदा मुदत वाढवून मिळते. मशीन ८ जीबी रॅमचं, एसएसडी असलेलं, विंडोज ११ चं आहे. जावा, पीएचपी, पोस्टग्रेस (डेटाबेस), पायथन आणि ऑपरेटिंग सिस्टिमच्या सी प्रोग्रॅमची प्रॅक्टिकल त्यावर निघतील का, की हप्त्यावर सेकंडहँड लॅपटॉप घ्यावा?

निघतील. हप्त्यात अडकू नका. तुम्ही सांगितलेल्या पाचही विषयांना हे मशीन पुरून उरतं. अपवाद एकच: प्रोजेक्ट अँड्रॉइडचा असेल तर अँड्रॉइड स्टुडिओची किमान गरजच ८ जीबी आहे आणि एम्युलेटर (मशीनवर चालणारा नकली फोन) सुरू झाला की मशीन रांगायला लागतं. तसा प्रोजेक्ट ठरला तरच खरेदीचा विचार करा. सेकंडहँड घेताना इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचंच घ्या, कारण विंडोज ११ त्याखाली अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. दुकानदार जुन्या पिढीचं मशीन स्वस्तात देतो ते उगाच नाही.

पण कॉन्फिगरेशन हा तुमचा खरा प्रश्न नाही. मशीन दुसऱ्याचं आहे, हा आहे. त्यावर तुम्हाला काय बसवू देतील, बसवलेलं टिकेल का, आणि सबमिशनच्या आठवड्यात ते तुमच्याच हातात असेल का, या तीन गोष्टींवर सगळं अवलंबून आहे. त्या प्रत्येक कॉलेजात वेगळ्या असतात. म्हणून लॅपटॉप हातात मिळाल्यावर काउंटरपासून हलण्याआधी दोन परीक्षा घ्या.

पहिली परीक्षा मशीन विसरतं का याची. बऱ्याच ग्रंथालयांच्या मशीनवर डीप फ्रीझसारखं सॉफ्टवेअर असतं. मशीन रीस्टार्ट झालं की ते सी ड्राइव्ह ठरलेल्या मूळ स्थितीला आणून ठेवतं. डेस्कटॉपवरची असाइनमेंट, डाउनलोड्समधलं जर्नल, तुम्ही बसवलेला जेडीके (जावाचा संच), सगळं जातं आणि रीसायकल बिनमध्येही सापडत नाही. गंमत अशी की झाकण मिटून मशीन स्लीपमध्ये ठेवलं तर काहीच पुसलं जात नाही, त्यामुळे पहिले चार दिवस पत्ताही लागत नाही. मग कधीतरी मशीन हँग होतं, पॉवरचं बटण दाबून धरावं लागतं आणि चार दिवसांचं काम एकदम जातं. म्हणून डेस्कटॉपवर एक रिकामा फोल्डर करा, रीस्टार्ट करा, फोल्डर जागेवर आहे का बघा. डी ड्राइव्ह असेल तर तिथेही हेच करा. पुष्कळदा डी या फ्रीझमधून मोकळा सोडलेला असतो.

दुसरी परीक्षा परवानगीची. ॲडमिनचा पासवर्ड मिळणार नाही, मागण्यातही अर्थ नाही. पण ॲडमिन नसलं म्हणजे काहीच चालत नाही असं नसतं. व्हीएस कोड या कोड एडिटरची झिप आवृत्ती पेनड्राइव्हवर घेऊन जा, स्वतःच्या युजर फोल्डरमध्ये उघडा आणि चालवून बघा. चाललं तर पुढचं जवळजवळ सगळं चालेल. सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटरने हे ॲप अडवलं आहे असा निरोप आला तर मात्र ग्रंथालयाने यादीबाहेरची सॉफ्टवेअर मुद्दाम रोखलेली आहेत. त्यातून पळवाट शोधू नका. बायोसमध्ये शिरणं, पेनड्राइव्हवरून दुसरी सिस्टिम सुरू करणं असले उद्योग केलेत आणि डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) असलं, तर पुढच्या वेळी मशीन ४८ अंकी रिकव्हरी की मागत बसतं. ती की ग्रंथालयाच्या सिस्टिमवाल्याकडे असते, म्हणजे चोरी आपसूक उघडी पडते. सरळ अर्ज करा: कोणत्या विषयाला कोणतं सॉफ्टवेअर, कोणती आवृत्ती, एका पानात, विभागप्रमुखांची सही घेऊन ग्रंथपालांच्या नावे. सत्राच्या सुरुवातीला असा अर्ज सहसा मार्गी लागतो. ऐन सबमिशनच्या तोंडावर कुणाला वेळ नसतो.

आता बिऱ्हाड. विंचवासारखं ते पाठीवर हवं, कारण पुढच्या खेपेला तुम्हाला हेच मशीन मिळेल याची खात्री नाही. ६४ जीबीचा यूएसबी ३ पेनड्राइव्ह पुरतो. त्यावर सगळ्या सॉफ्टवेअरच्या झिप फाइल ठेवा आणि काम मात्र मशीनच्या एसएसडीवर उघडून करा. थेट पेनड्राइव्हवरून चालवता येतं, पण बारीक बारीक फाइल लिहिताना पेनड्राइव्ह फार रडतो, आणि डेटाबेस चालू असताना तो कुणी उपटला तर डेटाची वाट लागते. फ्रीझवालं मशीन असेल तर प्रत्येक रीस्टार्टनंतर झिप पुन्हा उघडाव्या लागतील. पाच-सात मिनिटं जातात, जाऊ द्यात. फोल्डरच्या नावात जागा आणि देवनागरी अक्षरं टाळा. काही जुनी साधनं त्यावर अडखळतात.

जावासाठी इन्स्टॉलर नको, टेमुरिन या मोफत जेडीकेची झिप घ्या. उघडून झाल्यावर स्टार्टमध्ये ‘एन्व्हायर्नमेंट’ टाइप करा आणि फक्त आपल्या खात्यापुरते व्हेरिएबल बदलायचा पर्याय निवडा; त्याला ॲडमिन लागत नाही. मात्र एक मेख आहे. विंडोज आधी सिस्टिमचा पाथ (कमांड कुठे शोधायची त्या फोल्डरांची यादी) वाचतं, मग तुमचा. मशीनवर आधीपासून जुनं जावा असेल तर तुम्ही कितीही पाथ घाला, कमांड प्रॉम्प्टवर जुनंच उत्तर देतं. तोडगा म्हणजे चार ओळींची बॅच फाइल, जी तुमच्या जेडीकेचा बिन फोल्डर पाथच्या सुरुवातीला लावते आणि तिथूनच कमांड प्रॉम्प्ट उघडते. ही फाइल पेनड्राइव्हवर ठेवली की व्हेरिएबलला हात लावायचीही गरज राहत नाही. आणि लॅबमध्ये कोणतं जावा आहे ते आधी विचारा. घरी जावा २१ वर कंपाइल केलेली क्लास फाइल लॅबच्या जावा ८ वर ‘अनसपोर्टेड क्लास व्हर्जन’ म्हणून आपटते, तीही नेमकी एक्स्टर्नल परीक्षकांसमोर. कंपाइल करताना रिलीज ८ हा पर्याय द्या, किंवा लॅबमध्ये सोर्सवरून पुन्हा कंपाइल करा.

पोस्टग्रेस ॲडमिनशिवाय चालत नाही असं पुष्कळांना वाटतं. उलट आहे: पोस्टग्रेसचा सर्व्हर ॲडमिनच्या हक्कांनिशी चालायला स्वतःच नकार देतो. इन्स्टॉलरला ॲडमिन लागतो तो विंडोज सर्व्हिस नोंदवण्यासाठी, आणि ती तुम्हाला नको आहे. झिप बायनरी घ्या, बिन फोल्डरमध्ये जाऊन इनिटडीबी ही डेटाची जागा तयार करणारी कमांड चालवा. त्यात डेटाचा फोल्डर, युजरचं नाव पोस्टग्रेस आणि एन्कोडिंग यूटीएफ ८ हे तिन्ही स्पष्ट द्या. एन्कोडिंग वगळलं तर विंडोजच्या भाषेनुसार जुनं एन्कोडिंग लागू शकतं आणि मग टेबलमध्ये ‘सुनीता’ घालायला गेलात की त्रुटी येते. नंतर पीजी-सीटीएलने सर्व्हर सुरू करा, लॉग फाइलचं नाव द्यायला विसरू नका. काही बिघडलं तर कारण त्यातच लिहिलेलं असतं. फायरवॉलची खिडकी ॲडमिन पासवर्ड मागू लागली तर बिनधास्त रद्द करा. तुमचा प्रोग्रॅम आणि डेटाबेस एकाच मशीनवर आहेत, लोकलहोस्टची वाहतूक फायरवॉल अडवत नाही. पोस्टग्रेसचा नेहमीचा ५४३२ पोर्ट आधीच कुणी घेतलेला असेल तर ५४३३ द्या. व्हीसी रनटाइमची डीएलएल सापडत नाही अशी तक्रार आली तर मायक्रोसॉफ्टचं रीडिस्ट्रिब्युटेबल बसलेलं नाही. तेवढं मात्र ग्रंथालयाकडून बसवून घ्यावं लागेल, अर्जात त्याचं नाव टाका. रोज काम संपलं की पीजी-सीटीएलनेच सर्व्हर थांबवा आणि पीजी-डंपने एसक्यूएल फाइल काढा. डेटाचा फोल्डर उचलून दुसऱ्या मशीनवर नेण्याच्या फंदात पडू नका, मोठी आवृत्ती बदलली की तो उघडतच नाही. डंप मात्र जुन्यातून नव्यात कुठेही भरता येतो.

पीएचपीसाठी झॅम्प (तयार सर्व्हर संच) हवंच असं नाही. पीएचपीची झिप उघडा. तिच्यात स्वतःचा छोटा वेब सर्व्हर असतो, तो ८००० पोर्टवर सुरू केला की असाइनमेंटपुरतं भागतं. फक्त पोस्टग्रेसशी जोडताना ‘पीजी कनेक्ट हे फंक्शनच माहीत नाही’ असं म्हणतं. कारण झिपमध्ये पीएचपी डॉट आयएनआय ही फाइल तयार नसते. डेव्हलपमेंट नावाच्या नमुना फाइलची प्रत करून तिला ते नाव द्या, त्यात एक्स्टेन्शन डिरेक्टरी आणि पीजीएसक्यूएल या दोन ओळींपुढचा अर्धविराम काढा, सर्व्हर पुन्हा सुरू करा.

पायथन सोपं आहे. फक्त स्वतःपुरतं बसवायचं आणि लाँचर सगळ्यांसाठी बसवण्याची खूण काढायची, मग ॲडमिन मागत नाही. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटचा (एका प्रोजेक्टपुरत्या पॅकेजेसचा) फोल्डर मात्र पेनड्राइव्हवर नेऊ नका, त्यात मशीनवरचे पूर्ण पत्ते कोरलेले असतात. रिक्वायरमेंट्सची, म्हणजे लागणाऱ्या पॅकेजेसची, यादी ठेवा, फोल्डर दर वेळी नवा करा.

खरी अडचण ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रॅक्टिकलची. फोर्क, एक्झेक, वेट हे लिनक्सचे कॉल आहेत. विंडोजवरच्या साध्या जीसीसी कंपायलरमध्ये ते कंपाइलच होत नाहीत. विंडोजमध्ये लिनक्स आणायला किंवा व्हर्च्युअलबॉक्स बसवायला ॲडमिन लागतो. इथे गिटहब या कोड साठवण्याच्या संकेतस्थळाची कोडस्पेसेस सेवा वापरा: ब्राउझरमध्येच व्हीएस कोड आणि खाली लिनक्सचं टर्मिनल. मोफत खात्याला महिन्याला १२० कोअर-तास मिळतात, म्हणजे दोन कोअरच्या मशीनवर ६० तास. काम झालं की स्वतः थांबवा, नाहीतर अर्धा तास रिकामं राहिल्यावर ते बंद होतं आणि तो अर्धा तासही तुमच्या खात्यातून जातो. मग सगळंच तिथे का करू नये? कारण नेट गेलं की हात बांधले, आणि तोंडी परीक्षेला प्रोग्रॅम लॅबच्या मशीनवर चालवून दाखवायचा असतो.

एवढं उभं केलं तरी काम ठेवायचं कुठे, हे आधी ठरवा. कोडसाठी गिटहबवर खाजगी रेपॉझिटरी (कोडचं भांडार), रिपोर्ट आणि जर्नलसाठी गूगल ड्राइव्ह. ड्राइव्हचे १५ जीबी जीमेल आणि फोटोंसह मिळून आहेत. फोनमधल्या फोटोंनी ते भरलेले असतील तर अपलोड गुपचूप अडकतं. ब्राउझरमधून चढवलेली फाइल आपोआप अद्ययावत होत नाही हेही ध्यानात ठेवा. मशीनवर बदल करत राहिलात तर वर जुनीच प्रत पडून राहते आणि मग ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘खरंच फायनल’ अशी भावंडं जन्माला येतात. नावात तारीख घाला. उठण्यापूर्वी पुश (कोड गिटहबवर पाठवणं) किंवा अपलोड करा आणि तीच फाइल फोनवर उघडून पाहा. फोनवर शेवटचं पान दिसलं म्हणजे चढली, एरवी नाही.

गिटचा आणखी एक घोळ फक्त सामायिक मशीनवरच होतो. आधीच्या मुलाने त्याचं नाव आणि ईमेल ग्लोबल सेटिंगमध्ये टाकलेलं असतं, आणि तुमचे कमिट (कोडमधल्या बदलांच्या नोंदी) त्याच्या नावावर पडत जातात. प्रोजेक्ट गाइडने कमिटचा इतिहास उघडला की उत्तर देताना तारांबळ. नाव आणि ईमेल प्रत्येक रेपॉझिटरीत स्थानिक पातळीवर घाला. पुश करताना भलत्याच युजरचं नाव घेऊन ४०३ चा नकार आला तर कंट्रोल पॅनेलमधल्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये त्या मुलाची गिटहबची नोंद राहिलेली आहे. ती काढा. परत करताना तुमचीही तिथे राहणार आहे, तीही काढा.

लॉगिनच्या बाबतीत मी कडक सांगेन. क्रोममध्ये गेस्ट खिडकी उघडा, स्वतःचं प्रोफाइल जोडू नका. एकदा सिंक सुरू झालं की तुमचे जतन केलेले सगळे पासवर्ड त्या मशीनवर उतरतात. गेस्ट खिडकी बंद केली की कुकी आणि इतिहास जातात. डाउनलोड केलेल्या फाइल मात्र तशाच राहतात. वर्डमध्ये कॉलेजच्या खात्याने शिरताना ‘माझ्या संस्थेला हे उपकरण सांभाळू द्या’ अशा अर्थाची खिडकी येते. त्यातली खूण काढून फक्त याच ॲपमध्ये साइन इन करण्याचा पर्याय घ्या, नाहीतर खातं विंडोजलाच चिकटतं. व्हॉट्सॲप वेब उघडलंत तर ते फोनवरूनच बंद करा, लिंक्ड डिव्हायसेसमध्ये जाऊन.

सगळ्यात जास्त सापडणारा ऐवज म्हणजे महाडीबीटीचे कागद. शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना आधार, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, बँक पासबुकचं पहिलं पान, सगळं डाउनलोड्समध्ये उतरवलं जातं आणि तिथेच राहतं. ई-आधारची पीडीएफ पासवर्डने बंद असते म्हणून निर्धास्त राहू नका. नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मवर्ष हा तिचा पासवर्ड सगळ्यांना माहीत आहे, आणि या दोन्ही गोष्टी शोधायला कठीण नसतात. हे काम शक्यतो फोनवरून करा. मशीनवरच करायचं तर फाइल थेट पेनड्राइव्हवर उतरवा.

पेनड्राइव्हवरून आठवलं: झेरॉक्सच्या दुकानात प्रिंटसाठी वेगळा, स्वस्तातला पेनड्राइव्ह ठेवा. दिवसभर शंभर जणांचे पेनड्राइव्ह तोंडात घेणाऱ्या मशीनवरून फोल्डर लपवून शॉर्टकट बनवणारा व्हायरस हमखास येतो, आणि तो ग्रंथालयाच्या मशीनवर नेलात तर तुमचं कार्ड अडकतं. रिपोर्ट वर्डमध्ये नाही, पीडीएफमध्ये द्या. दुकानातल्या मशीनवर फाँट नसला तर पानं सरकतात आणि अनुक्रमणिका चुकते.

मशीनच्या देहाबद्दल थोडं. घेताना बिजागऱ्या, पडद्याचे कोपरे, कीबोर्ड, तळाची रबरं आणि सीरियल नंबरचा स्टिकर यांचे फोटो काउंटरवरच काढा. पोर्ट आणि कॅमेरा चालवून बघा. कमांड प्रॉम्प्टवर पॉवरसीएफजीचा बॅटरी रिपोर्ट काढला की मूळ क्षमता आणि आताची पूर्ण चार्ज क्षमता असे दोन आकडे मिळतात. दुसरा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर ती बॅटरी तुम्ही बिघडवलेली नाही, हे तेव्हाच नोंदवून घ्या. घड्याळ चुकीचं असेल तर आधी ते दुरुस्त करवून घ्या. तारीख मागे गेलेली असली की प्रत्येक संकेतस्थळ असुरक्षित असल्याचा इशारा येतो आणि दोष नेटला दिला जातो.

स्कूटरच्या डिकीत लॅपटॉप ठेवू नका. खाली इंजिनची धग, वर तुमचं वजन आणि मधे पुण्याचे खड्डे. पावसाळ्यात बॅगेवरचं कव्हर पुरत नाही, आत जाड प्लॅस्टिकची पिशवी हवी. मात्र गरम मशीन लगेच त्यात कोंबू नका. चार्जर रूममेटचा लावताना वॅट बघा. ६५ वॅटच्या मशीनला ४५ चा लावला तर चार्जिंग कूर्मगतीने होतं, आणि काही कंपन्यांच्या मशीनला परका चार्जर ओळखू आला नाही तर बॅटरी भरतच नाही. मूळ चार्जर बिघडला तर तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून परस्पर आणण्याआधी ग्रंथालयाला विचारा. मशीन बाहेर उघडून घेणं तर अजिबात नको. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज जाण्याची शक्यता धरून बुधवारी रात्रीच पूर्ण चार्ज करा. फोनच्या हॉटस्पॉटवर काम करत असाल तर त्या वायफाय जोडणीला मीटर्ड (मोजक्या डेटाची) म्हणून खूण करा, नाहीतर विंडोज अपडेट दिवसाचा डेटा सकाळीच फस्त करतं.

तारखांचं गणित मागून मांडा. १५ अधिक १५ म्हणजे ३० दिवस, पण दुसऱ्या कुणी मागणी नोंदवली असेल तर मुदतवाढ मिळत नाही, आणि सबमिशनच्या पंधरवड्यात मागणी असतेच. म्हणून सत्राच्या पहिल्या महिन्यात लॅपटॉप अडवून ठेवू नका, तेव्हा लॅब रिकामी असते. जर्नलवर सही करून घेण्याची शेवटची तारीख कळली की तिच्या सुमारे २० दिवस आधी घ्या. मुदतवाढ मिळाली तर शेवटचे दिवस हाताशी राहतात. नाही मिळाली तर शेवटच्या पाच दिवसांना फक्त छपाई आणि सह्या उरतील असं काम बसवा.

परतीच्या आदल्या रात्री डंप आणि शेवटचा पुश करा, फोनवर तपासा. मग क्रेडेन्शियल मॅनेजर, डाउनलोड्स, डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि रीसायकल बिन रिकामं करा. व्हीएस कोड आणि वर्डमधून साइन आउट व्हा. दुसऱ्या दिवशी गूगल खात्याच्या सुरक्षा पानावर उपकरणांच्या यादीत ते मशीन अजून दिसतंय का बघा, दिसलं तर तिथूनच बाहेर काढा. मशीन काउंटरवर ठेवून निघून येऊ नका. समोर चालू करून दाखवा, नोंदवहीत परतीची तारीख घालून सही घ्या. वर्षअखेरीस नो ड्यूजच्या वेळी हीच नोंद बघतात, आणि चार्जर त्यात वेगळा लिहिलेला असायला हवा.